पांढरी सीमारेषा
ओल्या गवतावरच्या चुन्याचा वास आला की न्यूझीलंडमधल्या मनुरेव्यातला आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब पहिला सामना खेळला, ती सकाळ आठवते. मैदान रग्बीचे, चौकोनी. या खेळाला हवे लंबवर्तुळ. “सीमारेषा नाही, तर सामना नाही,” पंचांनी बजावले. अंगणात मोठी रांगोळी आखतात तसे मी दोन खुंट्या ठोकून त्यांभोवती लांब दोरीचा सैल वेढा टाकला. “मम, इट्स नॉट दिवाळी!” कर्णधार असलेली माझी लेक कुजबुजली. मी दोरी ताणून खुंट्यांभोवती चालत राहिले आणि माझ्या पावलांमागे इतर आयांच्या मुठींतून चुन्याची पांढरी रेषा झरत गेली. दोन्ही टोके अलगद जुळली. पंचांनी शिट्टी वाजवली. आज क्लबला स्वतःचे मैदान आहे, पण माझी मान ताठ होते ती त्या सकाळी लेकीने घट्ट मिठी मारून म्हटलेल्या शब्दाने: “लेजंड!”