मंडपापुढं उतरलेला सायकलवाला

"काका, इथं उतरायचं नाही. इथं फळी नाही."

मंडपातून आवाज आला तेव्हा मी उतरलेलो होतो. नुसता उतरलेलो नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून, मान खाली घालून सायकल ढकलत चाललो होतो. चिखलानं माखलेला, पंचेचाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. अंगात मुलीनं हट्टानं घ्यायला लावलेली तंग चड्डी. आणि सपाट, कोरड्या, देखण्या जमिनीवरून सायकल ढकलतोय. शर्यतीतली दोन पोरं बाजूनं सुसाट निघून गेली.

मंडपात खुर्च्या होत्या. खुर्च्यांत सायकल क्लबचे मोठे लोक. मधल्या खुर्चीत अध्यक्ष. शहराबाहेरचं ते शेत त्यांचं, आंब्याची बाग त्यांची, खुर्च्याही त्यांच्याच. घराणं निजामाच्या काळापासूनचं देशमुखी. हैदराबादेत पिढ्या गेल्या, पण मराठी शाबूत. सकाळी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव विचारलं. मग "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मला लहानपणापासून कळतो.

दुसऱ्या फेरीत मंडप आला. मी पुन्हा उतरलो. तिसऱ्या फेरीत ठरवून आलो होतो की उतरायचं नाही. उतरलो.

तेव्हा अध्यक्ष चहाचा कप हातात धरून शेजारच्याला म्हणाले, "राहू द्या. यांच्या लोकांना उतरायची सवयच आहे."

मराठी कळणारे हसले. न कळणारे, अध्यक्ष हसले म्हणून हसले. मीही हसलो. दमलेल्या माणसाला हसणं सोपं पडतं.

आता मी या भानगडीत पडलो कसा, ते सांगतो.

ते आमचं राज्य फुटून दोन व्हायचे दिवस. आमचं सरकारी ऑफिसही फुटत होतं. माणसं वाटली जात होती, कपाटं वाटली जात होती, पंखेसुद्धा. तू इकडचा का तिकडचा, हा एकच प्रश्न. मला विचारणारे विचारून गोंधळायचे. मी तेलुगू बोलणारा मराठी. वडिलांच्या तरुणपणी एकदा राज्य फुटलं होतं, तेव्हा गाव महाराष्ट्राकडं गेलं आणि वडील सिकंदराबादेत रेल्वेत राहिले. म्हणजे फुटण्याचा आम्हाला वारसाच. दिवसभर बसून बसून साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, हला जरा.

मुलीनं मोबाईलवर सायक्लोक्रॉस दाखवलं. चिखलात, वाळूत, गवतात सायकलची शर्यत. वाटेत आडव्या फळ्या. फळी आली की उतरायचं, सायकल उचलून पळायचं, पुन्हा टांग मारायची. मी म्हटलं, हे तर आमच्या विद्यानगरच्या खोदलेल्या रस्त्यावर रोजचंच आहे. ती म्हणाली, "लाइट नका घेऊ पप्पा, चेष्टा नाही. तुम्हाला जमेल."

सायकल निवडायला दिलसुखनगरच्या दुकानात गेलो. आधी मला गोरीगोमटी, पातळ टायरची रेसची सायकल आवडली. दुकानदार हळहळला. म्हणाला, "नक्को साब, कीचड में फसेगी." चाक आणि फ्रेम यांच्यात बोटं जाण्याइतकी जागा हवी, नाहीतर चिखल भरून चाक जाम होतं. टायरला दाते हवेत. गिअर हलके हवेत, कारण चढ मला बघून आडवा होणार नाही. आणि ब्रेकच्या तारा वरच्या दांडीच्या खालून नकोत, सायकल खांद्यावर घेतली की रुततात. त्यानं एक सायकल माझ्या खांद्यावर ठेवली. टोचली नाही. तीच घेतली. घरी बायकोनं तिला पाणी पाजायचं का म्हणून विचारलं.

सराव सुरू केला. सगळ्यात मी मागे. पण एका गोष्टीत पोरं थांबून माझ्याकडे बघायची. उतरण्यात. उजवा पाय मागून फिरवायचा, डाव्या पेडलवर उभं राहून वाहत जायचं, आणि वेग न मोडता जमिनीवर. पोरांना ते शिकायला महिने लागत होते. मला येतच होतं. "अंकल, किसने सिखाया?" विचारायची. मी मिशीत हसायचो. वडिलांनी, म्हणायचो.

त्या शर्यतीहून घरी आलो. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा गॅलरीत बसलेले. ऐकायला कमी येतं, पण माझा चेहरा त्यांना ऐकू येतो. झालेलं सगळं सांगितलं. अध्यक्षांचं वाक्य तेवढं गाळलं. फळी नसताना उतरलो, तीनदा उतरलो, असं सांगितलं.

दादांनी एकच विचारलं. "तिथं कोण बसलं होतं?"

मग अध्यक्षांचं घराणं सांगितलं. आणि वाक्यही.

दादा हळूहळू बोलले. गावात देशमुखाच्या दारावरून सायकलवर बसून जाता येत नव्हतं. आपल्या माणसानं उतरायचं, सायकल हातात धरायची, पायताण काढून दांडीला अडकवायचं, वळणापलीकडं जाऊन पुन्हा बसायचं. एकदा घाईत उतरताना दादा पडले. ओट्यावरचे सगळे हसले. तेव्हापासून त्यांनी रात्री नदीकाठी सराव केला. उतरायचं तर आहेच, निदान पडायचं नाही. इथं आल्यावरही साहेबाचा बंगला आला की ते उतरत. कुणी सांगितलं नव्हतं.

"पाय आपसूक उतरायचे," दादा म्हणाले. "तुला शिकवताना आधी उतरायला शिकवलं. बसायला कुणीही शिकवतं."

मी माझ्या पायांकडं बघितलं. ज्या कौशल्याची फुशारकी मारत होतो ते असं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी सायकलवरून कॉलेजला निघाली. तिच्या मागून ऑफिसला जात होतो. विद्यापीठाचं मोठं फाटक उघडं होतं. पोरं सायकलवर, स्कूटीवर बसून आत जात होती. वॉचमन पेपर वाचत होता. माझी लेक फाटकापाशी आली. उजवा पाय मागून फिरवला. देखणी उतरली. सायकल हातात धरून आत गेली, पलीकडं जाऊन बसली.

संध्याकाळी विचारलं, का गं उतरतेस?

"तुम्हीच शिकवलं ना पप्पा. मोठं गेट आलं की उतरायचं."

तिला कारण माहीत नव्हतं. मलाही कालपर्यंत नव्हतं. कारण मागं राहिलं होतं, उतरणं तेवढं पुढं चाललं होतं. बापाकडून मला, माझ्याकडून तिला. कुणी विचारत नाही, कुणी अडवत नाही, तरी आम्ही उतरतोय. त्या रात्री झोप आली नाही असं म्हणायचा मोह होतो. झोप आली. दमलेलो होतो. पण सकाळी उठलो तो राग घेऊनच उठलो.

पुढची शर्यत त्याच शेतात. बायको म्हणाली, कशाला जाता, दुसरा क्लब बघा. गुडघा सुजलेला होता. ऑफिसात माझं टेबल कुठल्या राज्यात जाणार ते ठरत नव्हतं. न जायला कारणं भरपूर होती. गेलो. लेकीला बरोबर नेलं. आदल्या दिवशी तिला सगळं सांगून.

अध्यक्ष खुर्चीतच होते. मला बघून प्रेमानं म्हणाले, "या. आज बसून जाणार की चालत?"

मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. आवाज चढवला नाही. चढतही नाही माझा.

"मागं तुम्ही म्हणालात, आमच्या लोकांना उतरायची सवय आहे. सवय नव्हती साहेब. लावलेली होती. कुणी लावली ते तुमच्या घरात विचारा."

कुणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले, अहो, गंमत केली. मी म्हटलं, आमच्या दादांनी ती गंमत अनवाणी केलीय.

शिट्टी झाली. पहिल्या फेरीला मंडप आला आणि उजवा पाय उचललाच. खरं सांगतो. पेडलवरून सुटला, मागं निघाला. मी तो ओढून परत पेडलवर आणला. तोल गेला, सायकल वेडीवाकडी झाली, जवळजवळ त्यांच्या पायांवरच. पण बसून राहिलो. पुढच्या फेरीलाही. शेवटच्या फेरीला पाय हलला नाही. सगळ्यांत शेवटी पोचलो. मंडपातल्या खुर्च्या तोवर उचलत होते.

घरी दादांनी विचारलं, "उतरलास?"

"फळ्यांपाशी," मी म्हटलं.

आता घरातला नियम सांगून टाकलाय. लेकीला, बायकोला, दादांनाही. फळी आली तर उतरू. चिखलानं चाक धरलं तर सायकल खांद्यावर घेऊन पळू. फाटक बघून, बंगला बघून, खुर्ची बघून उतरणार नाही. पाय उचलला तर पाय दाबून धरू. पडलो तर बसल्या जागेवरून पडू.