साडूची अँबेसेडर

लातुरातल्या त्यांच्या वस्तीत आनंदराजला वीज खात्यातला म्हणून कुणी ओळखतच नव्हतं. जीपवाला आनंदराज, बस्स! भंगारातली जुनी जीप त्यानं घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं उभी केली होती. जयंतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यांत पुढं, तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर, आणि स्टेअरिंगवर पांढऱ्याशुभ्र शर्टात हा. त्या एका दिवसावर गडी वर्षभर ताठ चालायचा.

यंदा त्याच्या पोटात दुखायला लागलं ते साडूमुळं. व्यंकटी, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, राहायला त्याच गल्लीत. त्यानं उमरीहून एक सडकी अँबेसेडर टेम्पोत घालून आणली आणि घराच्या पोर्चमध्येच गॅरेज थाटलं. वर्षभर नुसती ठोकठोक. छत कापलं, बोनेट बसकं केलं, निळा रंग तर असा मारला की येणारा-जाणारा थांबून बघायचा. कहर म्हणजे आनंदराजची बायको लुंबिनी त्या गाडीच्या सीटची कव्हरं शिवायला बहिणीकडं जाऊन बसायला लागली!

"आपल्या जीपच्या सीटा फाटल्यात, त्या न्हाई दिसल्या तुला?"

"तुम्ही कवा म्हणलात?" लुंबिनी म्हणाली. "आन् एवढं जळून नका राहू. साडूच हाय तुमचा."

जळत होताच की! त्याला जेवण गोड लागेना. त्यात जयंती कमिटीचे मारोतीकाका घरी येऊन सांगून गेले, यंदा तसबीर व्यंकटीच्या गाडीवर. आनंदराज "लई छान" म्हणाला आणि शेडमध्ये जाऊन पान्हा आपटला.

मग एका रविवारी व्यंकटीनंच बोलावलं. "भाऊ, एकदा नजर टाका. तुमच्याइतकं कोणाला कळतंय?"

आनंदराजनं बोनेट उचललं आणि खोट लगेच दिसली. बसक्या बोनेटखाली मूळचा पंखा मावेना, म्हणून व्यंकटीनं छोटा बसवला होता. गाडी पळताना वारा लागतो, तेव्हा काही होत नाही. पण मिरवणूक माणसाच्या पावलानं चालते, तीही एप्रिलच्या उन्हात. रेडिएटर उकळणार म्हणजे उकळणार.

"कसं हाय, भाऊ?"

"एक नंबर," असं म्हणत आनंदराजनं बोनेट लावून टाकलं.

जयंतीच्या दिवशी जीप धुऊन, डिझेल भरून तो मिरवणुकीच्या शेवटी येऊन थांबला. त्याचा सगळा जीव पुढं अडकलेला. गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ अँबेसेडरनं भस्सकन वाफ सोडली आणि ती जागीच बंद पडली. लेझीम थांबलं. ह्यानं लगेच जीपला किल्ली मारली. आता हाक येणार, जीप आणा!

हाक आली, पण वेगळीच. "तसबीर हलवायची न्हाई!" मारोतीकाका ओरडले. "ढकला!"

व्यंकटीची बायको बुद्धप्रिया हिनं चपला काढून गाडीत टाकल्या आणि पदर खोचला. लुंबिनी धावली. पोरी, म्हातारे, सगळे तुटून पडले. हात लावायला जागा मिळेना म्हणून लोक भांडायला लागले. असा जयघोष जीपच्या वाट्याला कधीच आला नव्हता. मारोतीकाकांच्या डोळ्यांना धार लागली. "पुढल्या सालापासून इंजिन चालूच करायचं न्हाई," ते म्हणाले. "हीच गाडी, आन् बाबासाहेब लेकरांच्या हातानं जातील."

चालू जीपमध्ये बसून आनंदराजनं हे ऐकलं. अरे शहाण्या, त्या रविवारी एक शब्द बोलला असतास, तर गाडी नीट चालली असती, चार दिवस कौतुक झालं असतं, आणि पुढच्या वर्षी कमिटी परत तुझ्या दारात आली असती! आता गेलं ते कायमचं गेलं.

"अवो, काय बघून राहिलात?" लुंबिनीनं लांबून हाक मारली. "या की!"

जीप बंद करून तो उतरला, गर्दीत घुसला आणि अँबेसेडरच्या डिकीला खांदा लावला. शेजारी व्यंकटी, घामानं आणि आसवांनी भिजलेला.

"भाऊ, बंद पडली तेच बरं झालं, न्हाई?"

"हाव," आनंदराज म्हणाला, आणि दातओठ खाऊन ढकलायला लागला.