सात वाजून एकवीस मिनिटांचं फुटेज

माझं अर्धं आयुष्य स्क्रीनवर रिकामे रस्ते बघण्यात गेलंय, त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्याच नाहीत. लोक ज्याला "पांढरी आकृती" म्हणतात, तो बहुतेक वेळा कोळी असतो. कॅमेऱ्याच्या लेन्सभोवती अंधारासाठी बारीक दिवे असतात, त्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, जाळं विणतो... आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी घाबरून फोन करतात. मी शिडी आणि फडकं घेऊन जातो. इतकंच.

मी कल्याणला राहतो. रस्त्यावरचे कॅमेरे सांभाळणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराकडे नोकरी करतो. कॅमेरे चालू ठेवायचे आणि पोलिसांनी मागितलं की फुटेज काढून द्यायचं, हे माझं काम. फुटेज बघून चोर सापडतोच असं नाही. हेल्मेट, मास्क, नंबर प्लेटला चिखल. खरं सांगू, हल्ली मी काही अपेक्षाच ठेवत नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या बाजूला एक गल्ली आहे. एका हाताला बंद कारखान्याची लांबलचक भिंत, दुसऱ्या हाताला नाला. गल्लीत दिव्याचे चार खांब, आणि चारही बंद! गल्लीच्या दोन्ही टोकांना आमचा एकेक कॅमेरा. दिवे आमच्याकडे नाहीत, तरी मीच सहा वेळा तक्रार केलेली.

त्या गल्लीत संध्याकाळी पेठे काकूंच्या गळ्यातली चेन बाईकवरून दोघांनी खेचली. काकू अडुसष्ट वर्षांच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. गल्लीपलीकडे त्यांची मैत्रीण एकटी राहते, तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. तिला इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायला काकू रोज सातनंतर जायच्या.

दुसऱ्या दिवशी हवालदार मोरे त्यांना घेऊन आमच्या ऑफिसात आले. काकूंच्या मानेवर लाल वळ, गुडघ्याला पट्टी.

"चेन मिळाली हो मला," काकू म्हणाल्या. "त्या माणसामुळे मिळाली. मला तो माणूस हवाय."

"कोण माणूस?"

"मी पडले, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ टॉर्च घेऊन आले. असे ओरडले, की त्या मुलाच्या हातून चेनच पडली. पळाले दोघं. मग त्यांनी चेन उचलून माझ्या हातात दिली, मला उठवलं, पार मैत्रिणीच्या फाटकापर्यंत सोडलं. मी आत वळले, आभार मानायचेच राहिले."

"बघू या काकू," मी म्हटलं. त्यांना बाहेर चहा दिला आणि मी न् मोरे फुटेज बघायला बसलो.

सात वाजून एकवीस मिनिटं. बाईक येते, काकू पडतात. बाईकवाला वळून बघतो, बाईक डगमगते, चेन खाली पडते, दोघं सुसाट निघून जातात. आणि मग... भिंतीच्या कडेने रस्त्यावरून उजेडाचा एक गोल येतो. टॉर्चचा असतो तसा, ताटाएवढा. मागे टॉर्च नाही. टॉर्च धरणारा कोणी नाही.

गोल चेनवर थांबतो. आमचे कॅमेरे सेकंदाला पंधरा चित्रं काढतात. एका चित्रात चेन रस्त्यावर आहे. पुढच्या चित्रात ती काकूंच्या तळहातावर आहे.

मग काकू उठतात. उजवा हात पुढे करतात, कोणीतरी धरल्यासारखा, आणि बोलत बोलत चालायला लागतात. गोल त्यांच्या पावलांपुढे.

मोरेंनी तो तुकडा तीनदा मागे घेऊन बघितला. शेवटी म्हणाले, "कोळी असेल रे लेन्सवर."

मी दुसऱ्या टोकाचा कॅमेरा लावला. समोरच्या बाजूने तेच. तोच गोल, तीच वेळ. दोन लेन्सवर एकच कोळी कसा असेल?

"पंचनाम्यात काय लिहू मी हे?" मोरे वैतागून म्हणाले. "'अंधारामुळे इसम अस्पष्ट' असं लिहितो. अजून चार केस पडल्यात माझ्याकडे."

मला त्यांचा राग नाही आला. मीही तेच लिहिलं असतं.

काकू आत आल्या. "सापडला का?"

"काकू, चेहरा नाही दिसत."

"चेहरा नको मला. फक्त विचारायचं होतं, ते रोज त्या वेळी असतात का तिथे. म्हणजे मला जाता येईल. आज शेजारची मुलगी जाणार आहे सुई द्यायला, ती रोज कुठून येणार?" त्यांनी गुडघ्याच्या पट्टीवरून हात फिरवला. "अंधाराची भीती वाटायला लागलीय हो मला. या वयात..."

मी स्क्रीन बंद केली. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"पण तिथे होते ना ते?" त्यांनी विचारलं.

"होते," मी म्हणालो.

का म्हणालो, माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा जायला लागल्या. रोज सात वाजता घरी निघायचं सोडून मी त्या गल्लीचा कॅमेरा लावून बसायचो. काही झालं असतं तर ते माझ्या एका शब्दामुळे. तो उजेड मात्र पुन्हा दिसला नाही. दिवसा जाऊन मी बंद कारखान्याच्या वॉचमनला विचारलं, समोरच्या टपरीवाल्याला विचारलं. असं कोणी म्हातारं तिथे राहत नाही, येत नाही. तिथे कधी कोणी मेल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

महिन्याभराने मोरेंचा फोन आला. बाईकवाला दुसऱ्या केसमध्ये सापडलेला. "म्हणतो, टॉर्चवाला म्हातारा होता. त्याने नाव घेऊन हाक मारली म्हणे."

"नाव कसं कळलं?"

"तेच तर. पोलिस रेकॉर्डला नाही ते नाव. त्याची आई लहानपणी त्याला हाक मारायची ते. आई जाऊन वीस वर्षं झाली." मग मोरे म्हणाले, "हे काही मी लिहिलेलं नाही हां."

मी डोकं लावून बघितलं. रिफ्लेक्शन, रेकॉर्डिंगमधली गडबड, नाल्यापलीकडच्या गाडीचा हेडलाइट... काहीच बसत नाही. ज्यांना कळतं त्यांनी सांगावं, मी आता थकलोय.

गल्लीतले दोन दिवे लागलेत सध्या, अकराव्या तक्रारीनंतर. त्या उजेडात टॉर्चचा गोल असला तरी दिसणार नाही. काकू येतात सातनंतर. गल्ली पूर्ण रिकामी असते, तरी त्या मधून चालत नाहीत. अगदी कडेला सरकून चालतात, शेजारच्या माणसाला जागा करून देतात तशा.

काकू मैत्रिणीच्या फाटकात शिरेपर्यंत मी स्क्रीनवर बघतो आणि मग घरी जातो.