गजांसमोरचे तारबाबू

“दातार, एका सकाळी सात वेळा मजकूर पुन्हा मागवलात?”

“होय साहेब.”

“कानाला त्रास आहे?”

“नाही.”

युद्धाचे दिवस होते. मी टपाल खात्यात इन्स्पेक्टर होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोस्टातले तारबाबू दातार फार चुकतात, हुकलेला मजकूर पुन्हा पुन्हा मागवतात, अशी तक्रार होती. चार दिवसांत रिपोर्ट द्यायचा होता. तो वाईट गेला तर बारा वर्षांचं तारेचं काम सुटून दातार टपाल निवडायला बसणार होते.

तारेचं यंत्र नुसतं खटखटतं. दोन खटक्यांमधल्या लांब-आखूड अंतरावरून अक्षर ओळखायचं आणि लगेच लिहायचं. पोस्ट बंद झाल्यावर मी दातारांची टेस्ट घेतली. एकही चूक नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या शेजारी बसलो. टेबलाचं तोंड खिडकीच्या गजांकडे. गजांबाहेर पलटणीत गेलेल्या पोरांचे आईबाप. यंत्र वाजू लागताच सगळे गप्प झाले आणि दातारांचा चेहरा वाचू लागले.

“कपाळाला आठी पडली बगा!”

“बाबू, आमच्या शिरपाचं हाय का वो?”

एक बाई रडू लागली. तार गुळाच्या भावाची होती. लोकांना दिसू नये म्हणून दातारांनी आठी पुसली. तेवढ्यात दोन शब्द हुकले.

“हे सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू साहेब? लोक बघतात म्हणून?”

मी पोस्टमास्तरांना टेबल फिरवायला सांगितलं. ते म्हणाले, “जमिनीला स्क्रूनं बसवलंय. वायर हलवायला वरून मंजुरी लागेल. सहा महिने धरा.”

गजांपाशी एक पेन्शनर हवालदार उभे होते. त्यांची दोन्ही मुलं आघाडीवर होती.

“साहेब, टेबल ऱ्हाऊ द्या. आमीच फिरतो.” मग ते लोकांकडे वळले. “पाठ खिडकीकडं करा रं! तार आली तर बाबू नावानं हाक मारत्यात.”

“आन् मला ऐकू न्हाई आली तर?” एका म्हातारीनं विचारलं.

“म्या हाय की, आज्जे. परेडचा घसा हाय ह्यो.”

सगळे खिडकीकडे पाठ करून बसले. पुढचे दोन दिवस यंत्र वाजलं की पाठी ताठ व्हायच्या, पण मान एकाचीही वळली नाही. हवालदारांचीही नाही. त्या दोन दिवसांत दातारांनी एकदाच मजकूर पुन्हा मागवला.

दातार तारेवरच राहिले. टेबलाची मंजुरी आली तेव्हा युद्ध संपलं होतं.

पुढे कुठंही तपासणीला गेलो की ज्याच्याविषयी तक्रार असेल त्याच्या खुर्चीत मी आधी बसायचो. प्रश्न नंतर विचारायचो.