बरं वाटल्यावरच्या गोळ्या

याकोब पाळक गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरने दिली. मी सेनगावच्या बाजाराला जायला फाट्यावर उभी होते. हिंगोलीहून गाडी आली, कंडक्टर दारातूनच म्हणाला, "मावशी, तुमचे पाद्री सकाळी गेले. दवाखान्यापाशी लोक सांगून राहिले होते." मी गाडीत चढले नाही. रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि हिंगोलीकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत दगडावर बसले. दीड तास गाडी आली नाही. त्या दीड तासात मला रडू आलं नाही. सुटले बिचारे, असं वाटलं, आणि मीही सुटले, असंही वाटलं. वर्षभर दवाखान्यातल्या त्या खाटेपाशी डबे नेऊन माझे गुडघे गेले होते. माणूस गेल्यावर असं वाटू नये म्हणतात, पण मला वाटलं ते असं.

ते आमच्याकडे आले दुष्काळाच्या वर्षी. वय तिशीचं, काडीसारखे बारीक, पायात टायरच्या चपला. मी मिशनची बायबल बाई. म्हणजे घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवायचं, गाणी शिकवायची, आजाऱ्याजवळ बसायचं. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, म्हणून ते मला मावशी म्हणायचे आणि मी त्यांना पाळकसाहेब. त्यांची बायको वसमतला शाळेत मास्तरीण होती, दोन मुली तिच्याजवळ. सुट्टीला ती इकडे यायची किंवा हे तिकडे जायचे. बाकी त्यांचं जेवणखाण माझ्या चुलीवर. त्या वर्षी सेनगावच्या पलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. पाळकसाहेब तिथे शुभवर्तमान सांगायला म्हणून गेले आणि पहिले पंधरा दिवस त्यांनी काहीच सांगितलं नाही, नुसती खडी फोडली. हाताला फोड आले. तांड्याचा धर्मा नाईक त्यांना म्हणाला, "पाद्रीबाबा, तुमाला हे काम जमून न्हाई राहिलं. तुमी बसा आन् बोला, आमी फोडतो." मंडळीची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती घरांची, सुरुवात अशी झाली. तीन वर्षांत चौदा घरांनी बाप्तिस्मा घेतला. नाईकाने घेतला नाही. तो म्हणायचा, "मी नाईक हाय, मला सगळ्यांचं बघावं लागतं." पण दर रविवारी तो लिंबाखाली उपासनेच्या कडेला येऊन बसायचा.

खोकला तिसऱ्या वर्षी लागला. धूळ गेली असेल म्हणून मी अडुळशाचा काढा दिला. मग एकदा ते हिंगोलीला जाऊन आले आणि चुलीपाशी बसून म्हणाले, "मावशी, माझं ताट-पेला वेगळा ठेवा. उकळून घेत जा. छातीत टीबी निघाला आहे." तीन महिने इंजेक्शनं, आणि गोळ्या दीड वर्ष. बायकोला त्यांनी नुसता खोकला म्हणून कळवलं. मिशनला अजिबातच नाही. कळलं असतं तर त्यांना बोलावून घेतलं असतं, आणि तांड्यावर दुसरा माणूस कधी आला असता, देवाला माहीत. तांड्यालाही सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. देवी सोडायला लावली म्हणून देवीने छाती धरली, असं लोक म्हणाले असते. "ही मंडळी अजून कच्ची आहे, मावशी. वर्षभर तोंड बंद ठेवा." मी ठेवलं. इंजेक्शनासाठी रोज सकाळी सेनगाव, तिथून पायी तांडा, संध्याकाळी परत. मी म्हटलं, महिनाभर झोपून राहा. ते म्हणाले, पेरण्या झाल्या की लोकांना वेळ असतो, आत्ता झोपून कसं चालेल... असं प्रत्येक महिन्याचं काही ना काही कारण असायचं.

आता प्रभुभोजनाची गोष्ट सांगते, कारण सगळं त्यावरून झालं. महिन्यातून एकदा, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, आम्ही प्रभुभोजन घ्यायचो. मनुका भिजवून, उकळून, गाळून रस मी करायची. प्याला एकच, मिशनने दिलेला. आधी पाळक पितो, मग तोच प्याला सगळ्यांकडे जातो. टीबी निघाल्यापासून पाळकसाहेबांनी त्याला ओठ लावणं सोडलं. प्याला उचलायचे, प्रार्थना करायचे आणि पुढे द्यायचे. त्यांना वाटलं कुणाच्या लक्षात येणार नाही. पण तांड्यात कुणाला पंचांनी बाहेर काढलं की त्याचा हुक्का आणि पाणी बंद करतात. सगळ्यांच्या भांड्याला तो तोंड लावू शकत नाही. त्यामुळे कोण पितो आणि कोण पीत नाही, हे तिथलं लहान लेकरूही बघतं. तीन महिने तांड्याने बघितलं आणि ठरवलं की पाद्रीबाबांनी काहीतरी मोठं पाप केलंय आणि त्यांच्या लोकांनी त्यांना बाहेर काढलंय.

चौथ्या महिन्यात उपासना संपल्यावर नाईकाने सगळ्यांना बसायला सांगितलं. चार म्हातारे पंच म्हणून पुढे आले. मध्ये पाण्याचा लोटा ठेवला. मला वाटलं तांड्यातलं काही भांडण असेल.

नाईक म्हणाला, "पाद्रीबाबा, तुमी आमच्यासाठी खडी फोडली, हे आमी इसरलो न्हाई. आता खरं बोला. काय केलं तुमी?"

पाळकसाहेबांना काही उमगेना. "मी? काही नाही केलं."

"मंग तुमचं पाणी काहून बंद हाय? बाई ठेवली का?"

मागे बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारा म्हणाला, "यांनी काय बाई ठेवायची, यांना वाऱ्यानं धक्का लागतो. दारू पिले असतील." दुसरा म्हणाला, "तेवढ्यानं बंद होत असंल तर आपल्या तांड्यात एक बी माणूस पाणी पिणार न्हाई."

नाईक हसला नाही. "जे झालं ते झालं. पंचासमोर कबूल करा, गूळ वाटा आन् या लोट्याला तोंड लावा. तुमच्या लोकांनी काढलं असंल तर काढू द्या. आमी घेतो तुमाला."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना माणूस परत घ्यायचा होता. पाळकसाहेबांनी लोटा हातात घेतला. प्यायले असते तर तोच लोटा पुढे लेकरांकडे गेला असता. लोटा खाली ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली. मी अजून काही दिवस पाणी पिणार नाही. मला शिक्षा असू द्या." न केलेलं पाप ते डोक्यावर घेत होते. मला ते सहन झालं नाही. मी उठून म्हणाले, "खोटं बोलू नका. ह्यांना टीबी झाला आहे. म्हणून ते भांड्याला तोंड लावत नाहीत."

पहिल्यांदा बायकांनी लेकरं ओढून घेतली. नाईकाने लोटा उचलला, पाणी जमिनीवर ओतलं आणि म्हणाला, "हे आधी बोलायचं न्हाई काय? आमी तुमाला चोर समजून राहिलो होतो." एवढंच. पण पुढच्या रविवारी चौदांपैकी पाचच घरं आली. सोमली नावाच्या बाईने तर दारावर देवीचं लाल निशाण पुन्हा लावलं.

त्या दिवशी परत येताना पाळकसाहेब माझ्या पुढे चालत होते. ओढ्यापाशी थांबून, मागे न वळता म्हणाले, "मावशी, तुम्ही माझी मंडळी मोडलीत." त्यानंतर तीन महिने ते माझ्याशी कामापुरतंसुद्धा नीट बोलले नाहीत. ताट घ्यायचे, ताट ठेवायचे. माझ्या घरात आधीच दुसरं माणूस नाही, त्यात हे असं. मी वरून काही दाखवलं नाही, पण ते तीन महिने मला फार जड गेले.

प्रभुभोजनाची वाट नाईकानेच काढली. म्हणाला, "एकाच भांड्यात काहून पिता? घरचं भांडं आणा ज्याचं त्यानं." मग पाच घरांनी आपापली भांडी आणली. काशाची वाटी, जर्मनचा पेला, कान तुटलेला चिनी कप. मी प्रत्येकात चमचा चमचा रस ओतला. पाळकसाहेबांनी पिशवीतून आपला पेला काढला आणि माझ्यासमोर धरला. सात महिन्यांनी ते आपल्या मंडळीबरोबर प्यायले. वरच्या साहेबांना हे आम्ही कधी कळवलं नाही. त्यानंतर ते माझ्याशी पुन्हा बोलू लागले, माफीबिफी कुणी मागितली नाही.

मंडळी पुन्हा वाढली, पाचाची आठ घरं झाली. त्यांच्या अंगावरही मांस आलं. नाईकाने तांड्याच्या टोकाला जागा दिली आणि मातीच्या भिंतींचं मंदिर, म्हणजे आमचं चर्च, उभं राहू लागलं. ते स्वतः चिखल तुडवायचे. शेजारच्या तांड्यातूनही बोलावणं आलं. गोळ्या आणायला महिन्यातून एक अख्खा दिवस हिंगोलीला जायचा. गोळ्यांच्या अकराव्या महिन्यात त्या दिवशी भिंतीचं काम होतं, ते गेले नाहीत. बाराव्यातही गेले नाहीत. त्यांच्या खिडकीत आधीच्या महिन्याच्या उरलेल्या गोळ्यांची पुडी होती. मी झाडायला जायची तेव्हा बघायची, पुडी तेवढीच. हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना विचारावं असं रोज मनात यायचं. मग ते तीन महिने आठवायचे, आणि मी केर भरून निघून यायची. मी गप्प बसले. कुणी मला हे विचारलेलं नाही, पण लिहायला बसलेच आहे तर हे वगळून लिहिणार नाही.

मंदिराचं छप्पर झालं आणि दोन महिन्यांनी त्यांना रक्ताची उलटी झाली. पुन्हा औषधं सुरू केली, पण ती लागू पडली नाहीत. वसमतहून बायको आली, नोकरी सोडून दवाखान्यात खाटेपाशी राहिली. एकदा पाळकसाहेबांनी मला विचारलं, "मावशी, पुडी तुम्हाला दिसत होती ना?" मी हो म्हटलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मग बोलला का नाहीत?" मी म्हटलं, "तुमच्या रागाला भ्याले." ते थोडं हसले, मग खोकला आला.

शोकसभेत एका मोठ्या साहेबांनी भाषण केलं की याकोब पाळकांनी सुवार्तेसाठी प्राण दिला. लोक रडले. मला ते पटलं नाही. सुवार्तेने त्यांचा प्राण मागितला नव्हता. महिन्यातून एक दिवस मागितला होता दवाखान्याने, तो त्यांनी दिला नाही, आणि मी द्यायला लावला नाही. तो दिला असता तर शेजारच्या तांड्यावरही आज उपासना झाली असती.

ते दवाखान्यात असतानाच, दिवाळीच्या सुमाराला, निशाण लावणारी ती सोमली माझ्या दारात आली होती. दोन महिने खोकत होती. "पाद्रीबाबा जिथं जात होते तिथं मला घेऊन चला," म्हणाली. तिला ते त्यांच्यापासून झालं की खडीवर की आणखी कुठे, हे कोण सांगणार. मी घेऊन गेले, आणि तेव्हापासून दर महिन्याला जाते. तो दिवस आता माझ्या पायांना पाठ झाला आहे. पाळकसाहेब ज्या बाकावर बसून नंबर लावायचे, त्याच बाकावर आम्ही दोघी बसतो.

गेल्या आठवड्यात पाचव्या महिन्याच्या गोळ्यांचा दिवस होता. मी तांड्यावर गेले तर सोमली विळ्याला धार लावत बसलेली. "बाई, या महिन्यात न्हाई येत. ज्वारी काढायला आली. आन् मला आता बरं वाटून राहिलं."

"पाद्रीबाबांनाही बरंच वाटत होतं," मी म्हटलं. "ऊठ."

"तुमी जाऊन घेऊन या ना माझ्या गोळ्या."

"तुला बघितल्याशिवाय देत नाहीत. ऊठ म्हणते ना."

"एक दिवसाची मजुरी तुमी देता का?"

"देत नाही. ऊठ."

ती मला त्यांच्या गोर बोलीत काहीतरी बोलली. शिवीच असणार. मी दारात बसून राहिले. अर्ध्या तासाने तिने विळा आढ्याला खोचला आणि निघाली. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली, हिंगोलीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. येतानाही नाही. मी गोळ्या मोजून तिच्या पदरात बांधल्या आणि पुढच्या महिन्याचा दिवस सांगितला. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. मी जाणारच आहे.