शिडाच्या बोटीची शेगडी आणि माझा वरवंटा

स्नेहलच्या पावलावर उकळती पेज सांडली, त्यातून हा प्रवास घडला.

स्नेहल माझी नात, मुलाची मुलगी. ती आणि तिचा नवरा निनाद अलिबागकडे खाडीत राहतात. खाडीच्या काठाला नाही, खाडीत. जुन्या शिडाच्या बोटीवर! कुणी परदेशी माणूस ती सोडून गेला होता. यांनी घेतली, खरवडली, रंगवली, आणि आता लोकांना तिच्यावर शिडं लावायला शिकवतात. आत झोपायला फळ्या आहेत, एवढीशी मोरी आहे आणि माझ्या देव्हाऱ्याएवढं स्वयंपाकघर आहे. मागल्या महिन्यात बोट लाटेवर कलली, शेगडीवरचं पातेलं घसरलं आणि पेज पोरीच्या पायावर. फोड बसले, पण तिची आई वंदना, माझी सून, काही बसली नाही.

तिनं फोनवर सांगूनच टाकलं, "पातेलं जाग्यावर धरंल अशी शेगडी बसव आन मला चालवून दाखव. नायतर कोचीचं नाव काढू नको. बोट इका आन घरी या."

कोचीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं दोघांनी तीन वर्षं मनात धरलंय. दिवाळी झाली होती, वारा बरा होता. आता नाही तर पुढल्या साली.

म्हणून स्नेहल आसनगावला गाडीतून उतरून आमच्या सापगावला आली, ओटीवर बसली आणि म्हणाली, "आजी, मुरबाडला शेगडी बसवून घ्यायचीय, चल माझ्याबरोबर. जन्मभर चुलीपुढं बसलीस, शेगडी तूच निवड." मला तेवढंच पाहिजे होतं. वयाची शहात्तर झाली, पण शेगडी निवड म्हणून मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आली ती चूल फुंकली, आला तो स्टोव्ह पेटवला.

बोटीला शेगडी कशी निवडतात ते आधी सांगते. हसू नका, माझ्या नातीनं बोट घेतली, उद्या तुमची पण घेईल. त्यांची जुनी शेगडी रॉकेलची, पंप मारायची. तिला मी चांगली ओळखते, अर्धं आयुष्य तिची पिन शोधण्यात गेलं. पण रॉकेल आता आणायचं कुठून? स्पिरिटची मिळते, तिची आच मंद. तिच्यावर चहा होईल, तांदळाची भाकरी फुगायची नाही. विजेची घेतली तर दोन भाकऱ्यांत बॅटरी झोपते. खास बोटीची तयार शेगडी परदेशातून येते, तिच्या किमतीत आमच्याकडे दुभती म्हैस येईल आणि वर वैरण. राहता राहिला गॅस. पण गॅस हवेपेक्षा जड असतो, हे मला या वयात कळलं. घरात गळला तर दारं उघडावीत. बोटीत गळला तर खाली तिच्या पोटात जाऊन बसतो, आणि बोटीच्या पोटाला दार कुठलं? म्हणून सिलेंडर वर उघड्यावर, पेटीत ठेवायचा. पेटीला तळाशी समुद्राकडे भोक. आणि शेगडीला कॉक असे, की ज्योत विझली की गॅस आपोआप बंद. ते कॉक स्नेहलनं आधीच मागवून आणले होते.

"आन आजी, शेगडी गिंबलवर पायजे," ती म्हणाली.

"गिंबल काय गो?"

"दोन बाजूंनी खुंटीवर टांगायची. बोट कलली तरी शेगडी सरळच."

"मग पाळणा म्हण की!"

सकाळी शेअर रिक्षानं शहापूरला गेलो. बाजारात भांड्यांच्या दुकानात दुकानदारानं पहिली काढली ती काचेची. "आजी, ही घ्या. पुसायला सोपी."

"पुसायला सोपी रे बाबा, पन समुद्रात फुटली तर काचा काय माशांनी वेचायच्या?"

"समुद्रात?" त्यानं स्नेहलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "जत्रेला चाललाव का?"

स्नेहलनं बोटीची गोष्ट सांगितली तसा गडी खुलला. माळ्यावर चढून स्टीलच्या चार शेगड्या काढल्या. स्नेहलनं पर्समधून लोहचुंबक काढून एकेकीला लावलं. चिकटलं ती बाजूला, कारण ती खाऱ्या हवेत लवकर गंजते. मी बर्नरवर तळहात टेकून दाबून बघितलं, डुगडुगते का. दोन बर्नरची, ठेंगणी, जाड तारांची एक पसंत केली. एका बर्नरची जागा कमी खाते, पण एकावर भात नि एकावर भाकरी नसेल तर तो स्वयंपाक कसला? दुकानदारानं पैसे घेताना चहा पाजला आणि म्हणाला, "पोरी, शहापूरची शेगडी समुद्रात चालली. फोटो पाठव गो."

शहापूरहून मुरबाडला किन्हवली, सरळगाव करत जावं. एसटी दर तासाला असेलच असं नाही, स्टँडवर विचारून घ्या. स्नेहलला बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट. मला पंच्याहत्तरच्या वर म्हणून काहीच नाही. सरकारचं भलं होवो, म्हातारपणी एवढं मोकळं फिरायला मिळेल असं वाटलं नव्हतं. गंमत बघा, एसटी पुन्हा आमच्या सापगाववरूनच गेली! वंदना वाणसामान घेऊन रस्त्याकडेला उभी होती. मी खिडकीतून हात केला, तिनं नुसती मान हलवली.

कंडक्टरनं माझी पिशवी सरकवायला उचलली आणि खालीच ठेवली. "आजी, दगड भरलेत काय?"

"दगडच हाय."

स्नेहलनं पिशवीत डोकावलं. "आजी! वरवंटा? वरवंटा कशाला आनलास?"

खरं सांगते, तिच्या चटणीसाठी आणला होता. बोटीवर मिक्सर चालत नाही असं तीच म्हणाली होती. पाटा उचलवेना, म्हणून म्हटलं वरवंटा तरी देते, फळीवर वाटेल. पोरगी कपाळाला हात लावून बसली. "बोटीवर एकेक किलो मोजून चढवतो आमी. हा घरी परत न्यायचा." मी पिशवी पायाखाली सरकवली. किन्हवलीपासून दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे भारे पडले होते, मळणीचा भुसा उडत होता, सगळी गाडी नव्या पेंढ्याच्या वासानं भरली होती. अशा वासात कुणाचा राग फार टिकत नाही.

मुरबाडला एमआयडीसीत भोईर म्हणून आहेत, स्टीलचं काम करतात. निनादनं पाठवलेल्या मापावर त्यांनी टांगणीचा सांगाडा करून ठेवला होता. आमची शेगडी बसवली, कॉक बसवले, साबणाचं पाणी लावून गॅस गळतो का बघितलं. सांगाडा दोन खांबांच्या मधे टांगला आणि ढकलला. खांब कलते झाले, शेगडी सरळ! कारखान्यातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. स्नेहलनं वंदनाला फोन लावला, चेहरा दिसतो तसा.

मी म्हटलं, "थांबा. रिकाम्या शेगडीचं काय कवतिक?" पिशवीतून घरचं पातेलं काढलं, पाण्यानं काठोकाठ भरलं आणि वर ठेवलं. भोईरांनी खांब हलवला. शेगडीनं एक हेलकावा घेतला, दुसरा घेतला आणि तिसऱ्याला सगळीच कलंडली. पाणी भोईरांच्या पँटवर.

फोनमधून वंदनाचा आवाज आला, "बगितलं ना आई? पानी थंड व्हतं म्हनून निभावलं." आणि फोन बंद.

स्नेहल रडत नाही. लहानपणी पण रडायची नाही, नुसती नखं खायची. तेव्हा पण तेच.

भोईर म्हणाले, "मावशी, चूक माझी हाय. माप शेगडीचं धरलं, पातेल्याचं नाय धरलं. दोनेक तास द्या, काय तरी करतो."

दोन तास कारखान्यात बसून काय करायचं? माझं माहेर टोकावड्याकडचं. म्हटलं चल, ढाब्यावर जेवू. माळशेजकडं जाणारी गाडी मिळाली. तुम्ही घाटात जाणार असाल तर टोकावड्याला थांबून जेवा, पुढं पोटाला आधार नाही. आम्ही पिठलं, तांदळाची भाकरी, कांदा आणि तळलेली मिरची खाल्ली. भाकरी चुलीवरची, दोन्हीकडून फुगलेली. स्नेहलनं अर्धी टाकली, म्हणून तिची पण मी खाल्ली.

ढाब्याच्या मालकिणीनं तान्हं बाळ लुगड्याच्या झोळीत घालून आढ्याला टांगलं होतं. ती भाकऱ्या थापत होती. झोळी थांबली की बाळ कुरकुरायचं, म्हणून मी बसल्याबसल्या दोरी हलवत होते. हलवताहलवता बघितलं. गाठ आढ्याला, पार वर. बाळ जवळजवळ जमिनीला. झोळी कितीही झोके घेवो, बाळ पडायचं नाही. कारण जड आहे ते खाली आहे.

"स्नेहल," मी म्हटलं, "भोईरांनी बाळाला दोरीच्या वर ठेवलंय गो."

तिनं झोळीकडं बघितलं. मग ताट सारून उठलीच. "खुंटी वर घ्यायची, आन खाली वजन! आजी, चल!" पैसे देऊन पळालो. मालकीण मागून ओरडली, "अवो आजी, ताक तरी घेऊन जा!" त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. या लिहिण्यातून तिचे उपकार मानते.

मुरबाडला पोचलो तर भोईर पण त्याच रस्त्यानं विचार करत आले होते. खुंट्या वर घेऊन वेल्डिंग झालं होतं. वजनावर गाडं अडलं. "लोखंडाची पट्टी लावतो, पन खाऱ्या हवेत ती गळून जाईल. स्टीलचा एवढा जाड तुकडा कल्यानहून मागवायचा, चार दिस लागतील."

"न गंजनारं जड पायजे?" मी विचारलं.

"व्हय मावशी."

मी पिशवीत हात घातला.

स्नेहल हसायलाच लागली. पायावर पेज सांडल्यापासून ती अशी हसली नव्हती. भोईरांनी वरवंटा हातावर तोलला, माप घेतलं आणि शेगडीच्या तळाला आडवी खोबण करून दिली. आत रबराचे तुकडे, वरून पट्टी, म्हणजे हलायला नको.

आता बसवणार एवढ्यात मी म्हटलं, "असा नाय. पाळन्यात वरवंटा घालायची रीत हाय."

तुम्हाला ठाऊकच आहे. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. कुंची घालून, बाळासारखा सजवून, पाळण्याखालून नि वरून बायका एकमेकींना देतात. स्नेहलच्या बारशाला हाच वरवंटा होता. माझ्या बाजूनं मी दिला होता, पलीकडून वंदनानं घेतला होता. नुकतीच बाळंतपणातून उठलेली.

मी पदराचं टोक वरवंट्याला गुंडाळलं, शेगडीखालून पलीकडं धरला आणि म्हटलं, "कुनी गोविंद घ्या..."

पलीकडं भोईर उभे. "मावशी, मी बाप्या मानूस. मला बारशात कोन उभा करतो?"

"घ्या वो! दगड हाय, खाली पडला तर तुमचाच पाय हाय."

त्यांनी घेतला. वरून माझ्याकडं दिला, "कुनी गोपाळ घ्या." दोन वेल्डर, एक हिशेबनीस, सगळे बायकांसारखे रांगेत उभे राहून हसत होते. मग वरवंटा खोबणीत बसला.

स्नेहलनं आईला पुन्हा फोन लावला. वंदनानं उचलला. पातेलं भरून पाणी ठेवलं, या खेपेला उकळतं. भोईरांनी दोन्ही खांब असे हलवले, जसं वादळच आलं. शेगडी कुरकुरली, वाकली आणि सरळ झाली. पुन्हा वाकली, पुन्हा सरळ. पातेल्याला दोन्हीकडून धरणारे दांडे आहेत, मी त्यांना कानपकडे म्हणते. पातेलं हललं नाही. एक थेंब सांडला नाही.

फोनमधून आवाज आला, "भाकरी होते का त्येच्यावर?"

तांदळाचं पीठ नि तवा मी घरून आणलेच होते. उकड काढली, मळली, तिथंच स्टीलच्या पत्र्यावर थापली. दुसऱ्या बर्नरवर तवा टाकला. एकीकडं पाणी उकळतंय, दुसरीकडं भाकरी, आणि भोईर घामाघूम होऊन लाटा करतायत. भाकरी टम्म फुगली. मी ती फोनसमोर धरली.

वंदना फोनजवळ सरकली. मग म्हणाली, "खाली ते काय लावलंय, काळं?"

"तुझ्या लेकीच्या पाळन्यातलं," मी म्हटलं.

तिचा चेहरा फोनमधून बाजूला झाला. आवाज आला, "कोचीस्तोवर रोज एक फोन करायचा. रोज."

ती भाकरी आम्ही सहा जणांनी वाटून खाल्ली. भोईरांनी खोबणीचे पैसे घेतले नाहीत, म्हणाले बारशात आहेर द्यायचा असतो. दुसऱ्या दिवशी निनाद टेम्पो घेऊन आला, शेगडी आणि स्नेहल दोघींना घेऊन गेला.

मी आता घरी आहे. त्यांना निघून नऊ दिवस झाले. काल मालवणच्या आसपासहून फोटो आला, खिडकीतला समुद्र तिरका आणि पातेलं सरळ. शहापूरच्या दुकानदाराला पण पाठव म्हटलं तिला.

मागल्या दारी पाटा एकटाच भिंतीला टेकून उभा होता. परवा बघते तर वंदनानं तो धुतला, हळदीकुंकू लावलं आणि ओटीवर आणून ठेवला. मी म्हटलं, "अगो, आता त्येचा काय उपेग? मी चटनीला बाजारातून नवा वरवंटा आनते."

"आनू नका, आई," ती म्हणाली. "दुसरा आनायचा नाय. ह्याचाच वरवंटा येईल परत."