आप्पाचा सूर्य मावळेना!

कूलरमधलं गवत दर उन्हाळ्यात बदलावं लागतं. जुनं काढून फेकायचं, नवं भरायचं. गप्पांचं तसं नाही. पालमच्या एसटी स्टँडासमोर रहीमभाईचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं आम्ही चार म्हातारे बसतो. या उन्हाळ्याचे किस्से मागच्या उन्हाळ्याच्या डोक्यावर चढतात, आणि फेकायला कुणी तयार नाही! चौघं म्हणजे दुकानाचा मालक रहीमभाई, भूगोल शिकवून रिटायर झालेले मास्तर, माझा लहानपणापासूनचा दोस्त शिवलिंगआप्पा आणि मी. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळं तोंडावर बोलायची सवय राहिली.

*

मास्तर एकदा म्हणाले, "पृथ्वीच्या पोटावर मधोमध एक रेघ धरा. विषुववृत्त. तिच्याजवळ जावं तसं गरम, उत्तरेला लांब जावं तसं गार."

रहीमभाईनं हे मनावर घेतलं. भर मे महिन्यात कूलरच्या मोटारी आणायला दिल्लीला निघाला. दिल्ली उत्तरेला, म्हणून बॅगेत लोकरीची शाल! परत आला तो पार करपून.

"मास्टरसाब, तुमची रेघ खोटी हाय. तिकडं डांबर पातळ झालतं!"

"अरे, उन्हाळ्यात सूर्यच तिकडं वर सरकतो. दिवस मोठा होतो, समुद्रबी लांब. गार पाहिजे तर अजून लय वर जावं लागतं."

"मग हे जायच्या आधी सांगायचं न्हाई का?"

मी विचारलं, "शालीचं काय केलंस?"

"भिजवून डोक्यावर घेतली. लय कामाला आली!"

*

गेल्या उन्हाळ्यात आप्पाला ऊन लागलं. सोनपेठचा बाजार करून आला आणि एसटीतून उतरताच दुकानासमोर कोसळला. रहीमभाईनं दुरुस्तीला आलेले सगळे कूलर एकदम त्याच्यावर सोडले. आप्पानं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"थंडी वाजायलीय. एखादा बंद कर की!"

डॉक्टर मात्र हसला नाही. "पुन्हा असं झालं तर कूलरनं भागणार नाही," म्हणाला.

आप्पाची बायको वारलेली. एकुलता एक पोरगा नॉर्वेत, तोही पार वरच्या टोकाला. त्यानं फोनवर ठरवूनच टाकलं. "आप्पा, पुढचा उन्हाळा इकडं काढा. जमलं तर कायमचंच या."

कायमचंच! मी म्हणालो, "जा बाबा. इथं मरून दुकानाचं नाव खराब करू नको." बोललो खरा, पण त्या दिवशीचा चहा मी अर्ध्यावरच टाकून दिला.

*

जायच्या आधी आप्पाला एकच कोडं पडलं होतं. "पोरगा म्हणतो, तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत न्हाई. मग गार कसं?"

मास्तर उठले. समोरचा कूलर आप्पाच्या तोंडावर धरला. "हा आपला सूर्य. डोक्यावर, सरळ. लागतोय का?"

"लय लागतोय."

मास्तरांनी कूलर तिरपा केला. "हा तिकडचा. वारा तेवढाच, पण सगळीकडं पसरला. आता?"

"काहीच लागंना."

"म्हणून गार!"

तेवढ्यात मागून रहीमभाई ओरडला, "मास्टरसाब, सूर्य सरळ करा! गिऱ्हाईक न्यायला आलंय!"

*

मे लागताच आप्पा गेला. आठवड्यात मला फोन.

"दादाराव, सूनबाईनं कुरडया घातल्यात. मी राखणीला बसलोय."

"वाळल्या का?"

"चार दिवस झाले, ओल्याच. ऊन पहाटेपासून झोपेपर्यंत हाय, पण तापत न्हाई. सूर्य निसता ड्युटीवर हाय, काम करत न्हाई!"

मी म्हणालो, "पर्मनंट झाला असंल!"

*

मेमध्येच एक दुपार अशी येते की सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो. मास्तरांनी भर उन्हात कूलरचा पाइप उभा केला. सावली गायब! लगेच आप्पाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळ होती. आप्पा स्वेटर, कानटोपी घालून अंगणात उभा. त्यानंही आपली सावली दाखवली. त्याच्या दुप्पट लांब, शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेलेली.

"बघितली का? एवढी मोठी हाय," आप्पा म्हणाला, "पण बोलत न्हाई."

"इथंबी तू तिला कधी बोलू दिलंस?" मी म्हणालो.

आप्पा हसला.

*

आता सोमवारचं. आप्पा जन्मापासून सोमवार धरतो. सूर्य मावळला की महादेवापुढं दिवा लावायचा, मगच जेवायचं. तिकडं पहिल्या सोमवारी सूर्य रात्री अकराच्या सुमाराला गेला. पुढच्या सोमवारी बारा वाजवले. त्याच्या पुढच्या वेळी मंगळवारच लागला, आप्पा दिवा हातात घेऊन खिडकीत, आणि सूर्य जागचा हलेना!

पोरगा म्हणाला, "आप्पा, घड्याळ बघून सोडा की उपवास."

आप्पा म्हणाला, "मी घड्याळाचा उपवास धरलाय का?"

मी फोनवर लय झापलं. "गुमान जेव. इकडं अजून आग पडायलीय. डॉक्टर काय म्हणला, विसरलास का?"

आप्पानं फोन ठेवला.

नंतरच्या एका सोमवारी, भर दुपारी, परभणीहून एसटी आली. त्यातून कानटोपी उतरली. खाली आप्पा!

"मरायला आलास का?" मी ओरडलो.

आप्पा त्याच्या खुर्चीवर बसला. रहीमभाईनं कूलर सरळ त्याच्या तोंडावर केला.

"मास्तर," आप्पा म्हणाला, "आज किती वाजता मावळणार?"

"सातच्या आत."

संध्याकाळी आप्पा उठला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन पश्चिमेकडं तोंड करून उभा राहिला. मागं एसटी हॉर्न मारायलीय, ड्रायव्हर शिव्या द्यायलाय, आप्पा हलेना. सूर्य लाल झाला, अर्धा झाला, बुडाला.

आणि आप्पानं टाळ्या वाजवल्या!